आधी मुंढा, मग वजन

गेली २२ वर्षं मी दुचाकीस्वारांची जॅकेटं दुरुस्त करते. दात गेलेल्या झिपा, उसवलेल्या शिवणी, पडल्यावर घासून फाटलेली कोपरं असं सगळं माझ्या टेबलावर येतं. स्वतः लांबचे प्रवासही करते. त्यामुळे कापड कुठे टिकतं आणि कुठे दगा देतं, हे दोन्ही बाजूंनी बघायला मिळतं. या वेळच्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत : लांबच्या प्रवासासाठी हलकं जॅकेट कसं निवडायचं. म्हणून या अंकात तेवढंच घेते.

ताई, माझी उंची १७८ सेंमी, छाती १०० सेंमी, पोट मात्र १०४. आत्ताचं जॅकेट सगळ्या लायनरांसकट (आत जोडायच्या, काढता येणाऱ्या थरांसकट) साडेतीन किलोचं आहे. दुपारपर्यंत मान आणि खांदे भरून येतात, म्हणून हलकं घ्यायचं ठरवलंय. एकाच मॉडेलची दोन मापं घालून पाहिली. ‘एम’ खांद्यात चपखल बसतं, पण पोटावर झिप ओढून लावावी लागते. ‘एल’ पोटावर आरामात लागतं, बाह्या जरा ऐसपैस आहेत. विक्रेता म्हणाला, प्रवासात ढिलंच बरं, आत स्वेटर घालता येतो. कोणतं घेऊ?

‘एम’ घ्या. पोटाचं काय करायचं ते पुढे सांगते. आधी खांद्यांचं.

खांदे भरून येतात ते फक्त वजनाने नाही. ढिल्या जॅकेटात वारा शिरतो, बाह्या फडफडतात, कॉलर मानेवर आपटत राहते आणि ते सगळं थोपवून धरायचं काम तुमची मान करत असते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरला जी बाही नुसती हलते, ती १०० ला फटके मारते. मी दीड किलोची ढगळ जॅकेटं घालून थकलेली माणसं पाहिली आहेत आणि अडीच किलोचं नीट बसलेलं जॅकेट दिवसभर घालून ताजीतवानी असलेलीही. तराजूवरचं वजन आणि अंगावरचं वजन यांत बराच फरक असतो, आणि तो फरक सगळा बेतण्यात असतो.

जॅकेट घातल्यावर पहिल्यांदा मुंढा बघा. बाही धडाला जिथे जोडली जाते ती गोल शिवण. पुष्कळांना वाटतं की मुंढा खोल म्हणजे हात मोकळा. उलटं आहे. मुंढा खाली उतरलेला असला की हात पुढे नेताना बाहीबरोबर अख्खं जॅकेट वर ओढलं जातं : पाठ उघडी पडते, कॉलर हनुवटीला लागते, कफ मनगटावरून मागे सरकतात. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात पुढे गेला तरी धड जागेवर राहतं. दुकानात दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करा आणि पाठीचा खालचा काठ किती वर चढला ते बघा. चार बोटांपेक्षा जास्त चढला, तर ते जॅकेट मी ठेवून देते, बाकी कितीही आवडलेलं असो.

यानंतर बसा. शक्य असेल तर स्वतःच्या गाडीवर, नाहीतर खुर्चीवर उलटं बसून, पाठीच्या कडेवर हात टेकवून. प्रवासाचं जॅकेट उभ्या माणसासाठी बेतलेलं नसतं. उभं राहिल्यावर बाही दोन-तीन सेंटिमीटर लांब वाटली पाहिजे आणि कोपराशी थोडी वाकलेली दिसली पाहिजे, तेव्हा कुठे बसल्यावर कफ मनगटाचं हाड झाकतो. बसूनच हेल्मेट घाला आणि मान दोन्हीकडे पूर्ण वळवा. मागून येणारी गाडी बघताना हेल्मेटचा काठ कॉलरवर अडला, तर आठ तासांत ती गोष्ट जीव नकोसा करते. हातमोजेही बरोबर न्या. मोज्याचा पट्टा कफच्या वर किंवा आत, कुठेतरी नीट बसला पाहिजे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, कोपर. उजवा हात वाकवा, डाव्या हाताने कोपरावरचं पॅड बाहेरून घट्ट पकडा आणि हाताभोवती फिरवायचा प्रयत्न करा. एक-दीड सेंटिमीटर सरकलं तर चालेल. कोपराच्या टोकावरून निसटून बाजूला गेलं, तर रस्त्यावरही तसंच जाणार. खांद्याच्या पॅडचंही हेच.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, तर माझ्या टेबलाशेजारच्या भिंतीवर एक बाही टांगलेली आहे. माझीच. एका ओल्या वळणावर गाडी घसरली, मी डाव्या कुशीवर पडून थोडी फरपटत गेले. वेग फार नव्हता. घरी येऊन बाही उलटी केली तर आतलं पॅड कोरं होतं, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. त्याच्या शेजारी, दोन बोटांवर, कापडाला लिंबाएवढं भोक होतं, कडा वितळून कडक झालेल्या. माझं कोपर त्या भोकातून घासलं होतं. पॅड उत्तम होतं, कापडही वाईट नव्हतं. जॅकेट एक माप मोठं होतं, एवढंच. पॅड होतं, पण कोपरावर नव्हतं. त्यानंतर टेबलावर आलेल्या प्रत्येक फाटक्या बाहीत मी पहिल्यांदा भोक आणि पॅड यांतलं अंतर बघते. पुष्कळदा ते सापडतं.

तुमच्या पोटाकडे येते. कमरेच्या बाजूंना झिप असलेली किंवा पट्ट्या सैल करता येणारी जॅकेटं मिळतात, त्यात चार-सहा सेंटिमीटर सहज सुटतात. तसं न मिळालं तर कुशीच्या दोन्ही शिवणींत, काखेच्या बऱ्याच खाली, त्याच जातीच्या कापडाची पाचर बसवून घेता येते. त्यासाठी कारागीर जाड नायलॉनवर आणि बाँडेड (लेप दिलेल्या, न उसवणाऱ्या) धाग्यावर काम करणारा हवा, साध्या सुती धाग्याची टीप इथे चालत नाही. आणि तिथे वॉटरप्रूफ पडदा, म्हणजे पाणी अडवणारा पातळ थर, असेल तर सुईची भोकं आतून टेपने बंद करावी लागतात, ते आधीच विचारून घ्या. घेर वाढवणं हे एका दुपारचं काम आहे. खांदा आत घेणं म्हणजे पॅडचे खिसे, मुंढा, अस्तर सगळं उसवणं. त्या वाटेला मीसुद्धा शक्यतो जात नाही. म्हणून माप खांद्याने ठरवा आणि जॅकेटचा घेर पोटाच्या कलाने वाढवून घ्या.

स्वेटरचं म्हणाल तर जाड विणलेला स्वेटर घालूच नका. पातळ, अंगाला चिकटून बसणारा लोकरीचा किंवा फ्लीसचा थर घ्या आणि तो घालूनच जॅकेट ट्राय करा. मापाच्या तक्त्यात युरोपीय आकडे असतील तर पुरुषांच्या मापात तो आकडा छातीच्या सेंटिमीटरचा निम्मा असतो. तुमची छाती १००, म्हणजे ५०. टेप काखेखालून, श्वास नेहमीसारखा ठेवून धरा.

दोन जॅकेटांवर अडलोय. एक १.४ किलोचं, लेबलवर एक ‘ए’. दुसरं २.२ किलोचं, त्यावर दोन ‘ए’. मला हलकंच हवं आहे, मी वेगात चालवत नाही. पहिलं पुरे नाही का?

त्या ‘ए’चा अर्थ आधी समजून घ्या. २०२० साली आलेल्या युरोपीय मानकानुसार, ईएन १७०९२ नुसार, दुचाकीच्या कपड्यांचे वर्ग पडतात : तीन ‘ए’ सर्वांत वरचा, मग दोन, मग एक. एक ‘बी’ आहे, तो ‘ए’सारखाच, फक्त आदळण्यापासून वाचवणारी पॅड नसलेला. ‘सी’ म्हणजे नुसती पॅड धरून ठेवणारा आतून किंवा वरून घालायचा कपडा, घसरण्यापासून तो संरक्षण देत नाही. चाचणीत कापडाचे तुकडे फिरत्या यंत्राला लावून काँक्रीटच्या लादीवर सोडतात आणि थांबेपर्यंत घासू देतात. खांदा, कोपर अशा सर्वांत जोखमीच्या जागांच्या कापडाला दोन ‘ए’साठी ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने सोडतात, एक ‘ए’साठी ४५ ने, तीन ‘ए’साठी १२० ने. ही यंत्राची गती आहे. ‘७० पर्यंत काही होणार नाही’ असा त्याचा अर्थ लावू नका. पण दोन जॅकेटांची तुलना करायला ती चांगली आहे.

तुम्ही वेगात चालवत नाही हे चांगलंच. पण लांबच्या प्रवासात सावकाश म्हणजेसुद्धा ६०-७० असतं. म्हणून माझं मत दोन ‘ए’कडे. त्यातली हलकी मॉडेलं शोधा, हल्ली मिळतात.

वजन नक्की कुठे जातं तेही बघा. मी जॅकेट उकलते तेव्हा भाग वेगळे करून तोलते. पुष्कळसं वजन काढता येणारी लायनर, डझनभर खिसे, धातूची बक्कलं आणि जाड सजावटी पट्ट्या यांत असतं. हे खुशाल कमी करा. खांदे-कोपरांवरचं कापड, तिथली दुहेरी-तिहेरी टीप आणि पॅड इथे मात्र ग्रॅम वाचवू नका. कापडाच्या जाडीचा आकडा डेनियरमध्ये दिलेला असतो. ९,००० मीटर धाग्याचं वजन ५०० ग्रॅम भरलं तर तो ५०० डेनियरचा. पण नुसता आकडा पाहून ठरवू नका, धागा कशाचा तेही विचारा. त्याच डेनियरचं नायलॉन साध्या पॉलिस्टरपेक्षा सहसा जास्त घासणी सोसतं.

पाठीचा खिसा उघडून बघायला विसरू नका. पुष्कळ जॅकेटांत तिथे पाठीचं संरक्षक पॅड नसतंच, आकार राहावा म्हणून फोमचा तुकडा घातलेला असतो. पिळला तर स्पंजासारखा दबतो, त्यावर मानकाची खूण नसते. खऱ्या पॅडवर ईएन १६२१ (पॅडसाठीचं युरोपीय मानक) आणि पातळी १ किंवा २ छापलेली असते. खांदे-कोपरांच्या पॅडची चाचणी ५० जूलच्या आघाताने करतात. पलीकडे पोचणारं बल सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत राहिलं तर पातळी १, २० च्या आत राहिलं तर पातळी २. पाठीला हेच आकडे १८ आणि ९ आहेत. पातळी २ ची पॅड आता पूर्वीसारखी जाडजूड राहिलेली नाहीत. मऊ असतात, धक्क्याला क्षणात घट्ट होतात. ‘हलकं’ म्हणून विकलेल्या ज्या जॅकेटाचं पाठीचं पॅड वेगळं घ्यावं लागतं, त्याचं वजन ते पॅड घालूनच मोजा. तुमच्या १.४ मध्ये ते आहे का, हे एकदा विचाराच.

ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी अपघात झालेल्या २१२ दुचाकीस्वारांचे कपडे तपासले होते, ते निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. दुचाकीसाठी बनवलेलं जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी आली. पण त्याच पाहणीत जवळपास ३० टक्के जॅकेटं अपघातात फाटून निकामी ठरली होती. दुचाकीचं जॅकेट म्हणून विकलं जातं एवढ्यावर जाऊ नका, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. त्याच देशात आणि न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून ‘मोटोकॅप’ नावाचा कार्यक्रम चालतो. जॅकेटं विकत आणून ते स्वतः फाडून, घासून बघतात आणि उन्हात घालायला किती बरी याचेही तारे देतात. तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत असेल तर निर्णय सोपा होईल.

जाळीचं जॅकेट घेतलं. सकाळी मस्त वाटतं, पण भर उन्हात ४० अंशांना भट्टीत बसल्यासारखं होतं. जॅकेट चुकलं का?

जॅकेट बरोबर आहे, वापरायची रीत बदला. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आत असतं. हवा त्याहून गार असेपर्यंत वारा अंगातली उष्णता नेतो. हवा त्याहून गरम झाली की तोच वारा उष्णता आत आणतो आणि घाम अंगावर रेंगाळण्याआधीच उडवून टाकतो. अशा वेळी जाळीवर पातळ वारारोधक थर घाला किंवा झिपा बऱ्याचशा बंद करा. आत सुती टी-शर्ट भिजवून, पिळून घाला आणि कफ व कॉलरमधून थोडाच वारा येऊ द्या. पाणी हळूहळू उडतं, अंग गार राहतं. मी दर तासाला थांबून शर्ट पुन्हा भिजवते आणि तेवढ्यात स्वतः पाणी पिते. जॅकेट काढून मागे बांधायचा मोह होतो, तो मात्र टाळा. उघड्या त्वचेवर तो गरम वारा थेट बसतो.

जाळी कुठे आहे तेवढं तपासा. छाती, पोट आणि पाठ जाळीची असली तर हरकत नाही. खांद्यावर आणि कोपराबाहेर घट्ट विणलेलं कापड हवं. जाळीच्या भोकांत करंगळीचं टोक जात असेल तर ती जाळी मला पसंत नाही.

पावसासाठी आत लायनर असलेलं घ्यावं, बाहेरचं कापडच वॉटरप्रूफ असलेलं घ्यावं, की वरून रेनकोट?

हलकंपणा पहिला हवा असेल तर वरून रेनकोट. लायनरवाल्या जॅकेटात बाहेरचं कापड पाणी पीत राहतं. तुम्ही कोरडे राहता, पण अंगावर अर्धा-पाऊण किलो पाणी घेऊन चालवता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच ओलं, गार जॅकेट पुन्हा चढवायचं असतं. शिवाय पाऊस सुरू झाल्यावर रस्त्याकडेला जॅकेट काढून लायनर आत जोडत बसावं लागतं. बाहेरच्या कापडालाच पडदा चिकटवलेला असतो ती जॅकेटं पावसात सर्वांत चांगली, पाणी वरूनच ओघळतं. पण ती उन्हात गरम होतात आणि किंमतही मोजावी लागते. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून जो सूक्ष्म छिद्रांचा पडदा शोधला, तिथून हे सगळं सुरू झालं. त्या छिद्रांतून वाफ जाते, थेंब जात नाही. मात्र वरचं कापड चिंब झालं की वाफेचीही वाट अडते आणि आतून घामाने ओलं होतं. तेव्हा लोकांना वाटतं पडदा गळतोय. बहुतेक वेळा कापडावरचा पाणी झटकणारा लेप गेलेला असतो.

रेनकोट जॅकेटावर घालून, गाडीवर बसून घ्या. तोही फुगणारा नको. आणि रंग भडक घ्या. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात, जो २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला, चमकणारे किंवा परावर्तक कपडे घातलेल्या चालकांना जखमी होण्याची जोखीम ३७ टक्के कमी आढळली होती. पावसात काळं जॅकेट आणि काळा रेनकोट दोन्ही एकदम नकोत. रेनकोटचा थंडीतही उपयोग होतो. हवा १० अंश असली तरी ताशी ८० च्या वाऱ्यात उघड्या त्वचेला ती ४ अंशांसारखी लागते. तो वारा अडवायला हा एक पातळ थर पुष्कळ होतो.

बायकांचं माप दुकानात नसतंच. पुरुषांचं ‘एस’ घ्या म्हणतात. चालेल का?

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मैत्रिणी हेच करून येतात आणि मग दुरुस्तीत पैसे घालतात. पुरुषांच्या ‘एस’मध्ये खांदे रुंद, कंबर सरळ आणि नितंबांना जागा कमी. खांदा रुंद झाला की बाही खाली उतरते आणि कोपराचं पॅड पुढच्या हातावर येतं. खाली जॅकेट नितंबांवर अडून वर सरकतं, बसल्यावर पोटाशी गोळा होतं. मी स्वतः पहिली सहा वर्षं असंच काढली. भिंतीवरची बाही त्याच जॅकेटाची आहे.

शक्य तिथे बायकांच्या बेताचंच मागवा, थोडं थांबावं लागलं तरी. दुसरा इलाज नसेल तर तीन गोष्टी बघा : झिप खालूनही उघडणारी हवी, बाहीवर कोपराच्या वर आणि खाली आवळायचे पट्टे हवेत आणि पॅडचा खिसा वेल्क्रोने वर-खाली करता येणारा हवा. पॅड दोन आकारांत येतात, लहान ‘टाइप ए’ आणि मोठा ‘टाइप बी’. हात बारीक असेल तर लहान घ्या. मोठं पॅड बारीक हातावर गोल बसत नाही, काठावर उभं राहतं. छातीवर कापड ताणून झिप लावावी लागली तर ते जॅकेट नको. श्वास अडतो आणि मुंढाही पुढे खेचला जातो.

जॅकेट धुतलं की खराब होतं म्हणतात. तीन वर्षं धुतलेलं नाही.

धुवा. मीठ आणि धूळ कापडात राहिली तर जास्त खराब होतं. सगळी पॅड काढा, प्रत्येकावर डावं-उजवं लिहून ठेवा. झिपा आणि वेल्क्रो बंद करा, नाहीतर वेल्क्रो आतलं अस्तर खातं. सौम्य द्रव साबण, कोमट पाणी. कपडे मऊ करणारं द्रव अजिबात नको, ते पाणी झटकणारा लेप मारतं. सावलीत, रुंद हँगरवर वाळवा. पॅड धुवायची नाहीत, ओल्या फडक्याने पुसायची.

वाळल्यावर उजेडात धरून खांद्याच्या आणि मुंढ्याच्या शिवणी दोन अंगठ्यांनी ओढून बघा. टाक्यांमधून उजेड दिसला किंवा धागा केसाळ झालेला दिसला, तर पुढच्या प्रवासाआधी तेवढी टीप नव्याने मारून घ्या. पॅडवर नखाने दाबा. खळगा पडून तसाच राहिला किंवा काठाचे तुकडे सुटायला लागले, तर पॅड बदला. खिशाचं माप कागदावर काढून न्या, कारण दिसायला सारखी दोन पॅड एकाच खिशात सारखी बसतीलच असं नाही.